भोईवाड्याहून गिरगाव, घोडीवरून

कालिंदीने खोगिराचा पट्टा ओढला तशी चंपाने पोट फुगवून धरलं.

"सोड गं. मला माहीत आहेत तुझ्या खोड्या."

तिने गुडघ्याने हलकेच ढोसलं. घोडीने नाकातून मोठा श्वास सोडला आणि पट्टा बकलात नीट बसला. तबेल्याच्या दारात बुधाजी उकिडवा बसून बशीतून चहा पीत होता. कालिंदीच्या वडिलांच्या वेळेपासून चंपाचा खरारा त्याच्याच हातचा.

"हात विसरले नाहीत, ताई."

"हात नाही विसरले, मामा. बाकी सगळं विसरलं. शकू झाल्यापासून किती वेळा बसले असेन? सांगा."

"अकरा."

"मोजलंत तुम्ही?"

"चंपीनं मोजलंय. मला सांगत असते."

कालिंदी हसली; पण हसू ओठांवरच राहिलं. तिने चंपाच्या मानेवर गाल टेकला. गवताचा, घामाचा, ऊन खाल्लेल्या चामड्याचा वास. उद्या सकाळी दहाला माझगावचा जगदीश गिरगावच्या घरी येणार, विकत घ्यायचं बोलणं पक्कं करणार आणि तिथून भोईवाड्याला येऊन चंपाला घेऊन जाणार. त्याच्याकडे वरातीची घोडी लागत होती. डोक्यावर कलगी, पुढे बँड, पाठीवर दर लग्नाला नवा नवरा.

चंपा रेसकोर्सवरची. तिथे तिचं नाव भलतंच इंग्रजी होतं. पाय मंदावल्यावर मालकाने ती आपल्या जुन्या कारकुनाला, म्हणजे कालिंदीच्या वडिलांना, अच्युतरावांना देऊन टाकली, आणि ते गेले तेव्हा ती लेकीकडे आली. लोक मागे राहिलेली भांडी वाटून घेतात. कालिंदीच्या वाट्याला घोडी आली. तिने ती ठेवली. फोर्टातल्या विमा कंपनीत दहा ते साडेपाच टाईपरायटर बडवायचा आणि त्यातून घोडीचा हरभरा-गवत भागवायचं. कोडं एवढंच होतं की नोकरी होती म्हणून घोडीला दाणा मिळत होता, आणि नोकरी होती म्हणूनच घोडीवर बसायला वेळ मिळत नव्हता. पहाट शकूची. पाचला ती जागी व्हायची आणि आई दिसली नाही तर सारी गल्ली डोक्यावर घ्यायची.

दिवाळीत फराळाची ताटं भरता भरता सासूबाई म्हणाल्या होत्या, "नोकरी, मूल, संसार, आणि वर घोडी. माणसाला हात दोनच असतात, कालिंदी. एक काय ते सोड."

त्यांचा आवाज चढला नव्हता. सुंदराबाईंचा आवाज कधी चढत नसे. म्हणून तर घरात त्यांचंच चाले.

आज हरताळ होता. कचेऱ्या बंद, गिरण्या बंद, ट्रामगाड्या डेपोत. शकूला नवऱ्याच्या, कमलाकांतच्या कुशीत ठेवून कालिंदी अंधारातच निघाली होती. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, पायीच, गिरगावापासून भोईवाड्यापर्यंत. त्याने विचारलं नव्हतं कुठे म्हणून. नुसतं म्हणाला होता, "मी आहे. जा."

"मैदानात दोन फेऱ्या मारते," ती म्हणाली. "मग उतरते."

बुधाजीने बशी विसळली. "मैदान रोजचंच. रस्ता बघा की."

तिने दाराबाहेर पाहिलं. उन्हाची पहिली तिरीप ट्रामच्या रुळांवर पडली होती आणि रूळ लांबपर्यंत चकाकत होते. त्यांच्यावर एक कुत्रं आडवं झोपलं होतं.

हजारो माणसांच्या आरोळ्यांत पळालेली चंपा ट्रामच्या घंटेला मात्र भ्यायची. परळच्या नाक्यावर एकदा घंटा वाजली आणि ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली ती खाली यायलाच तयार नव्हती. तेव्हापासून तबेला ते मैदान, मैदान ते तबेला. मुंबईत राहून तिने मुंबई पाहिली नव्हती.

"मी नवस बोललेय, मामा. ही राहिली तर—"

"नवस-बिवस आपल्याकडं बंद," बुधाजी म्हणाला. "गेल्या महिन्यात नागपूरला दीक्षा घेऊन आलो, तेव्हापासून. आता जे काय करायचं ते आपल्या हातानं." मग डोळे बारीक करून तो हसला. "आणि आज तर अख्खी मुंबई तुमच्यासाठी बंद ठेवलीय लोकांनी."

"गिरगावापर्यंत जाईल ही?"

"मला काय विचारता? वर बसणार कोण?"

रुळांपाशी चंपा थांबली. मान खाली घालून तिने लोखंड हुंगलं, कान पुढे केले, मागे केले. घंटेची वाट पाहिली. घंटा वाजली नाही. कालिंदीने टाच लावली नाही, लगाम ओढला नाही. शकू पहिल्यांदा उंबरा ओलांडत होती तेव्हा जशी थांबली होती तशीच श्वास धरून थांबली. चंपाने पुढचा पाय उचलला, रुळापलीकडे ठेवला. मग दुसरा.

"शाब्बास माझी बाय," कालिंदी म्हणाली, आणि आपलाच आवाज ओला झाल्याचं तिला ऐकू आलं.

परळ मागे पडलं. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, दारांवर काळे बावटे. रिकाम्या रस्त्यावर टापांचा आवाज दोन्ही बाजूंच्या चाळींवर आपटून परत येत होता, एका घोडीच्या दहा घोड्या होत होत्या. कालिंदीची पाठ ताठ झाली. इतक्या उंचीवरून तिने हा रस्ता कधी पाहिलाच नव्हता.

लालबागेत शिरल्यावर मात्र काहीतरी चुकतंय असं तिला वाटू लागलं. ती जसजशी पुढे जात होती तसतशा खिडक्या लागत होत्या. तिच्या चार घरं पुढे, एकेक करून. गॅलरीत वेणी घालत बसलेल्या बाईने पोरांना दंडाला धरून आत ओढलं. कुठेतरी कडी पडली. कालिंदीने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. आणि तेव्हा तिला त्या टापा ऐकू आल्या, चाळीतल्यांना येत होत्या तशा. जानेवारीतल्या पोलिसांच्या गोळीबाराला अजून वर्ष झालं नव्हतं. या रस्त्यावर घोड्याच्या टापा म्हणजे एकच गोष्ट.

दगड आला तो चंपाच्या पायाशी फुटला.

घोडी उभी राहिली. कालिंदीने मांड्या आवळल्या, अयाळ मुठीत धरली, आणि तिच्या तोंडून आपोआप तेच निघालं जे रोज पहाटे निघतं: "आहे मी, आहे मी, इथंच आहे." चंपा खाली आली. थरथरत उभी राहिली.

"मारू नका!" कालिंदी ओरडली. "मी पोलीस नाहीये!"

एका फळीमागून आवाज आला, "मग कोण हाय?"

जे पहिलं सुचलं ते ती ओरडली.

"टायपिस्ट!"

मग तिसऱ्या मजल्यावर कोणी बाई खुदकन हसली, आणि ते हसू खाली खाली उतरत आलं. खिडक्या उघडल्या. बोळातून दोन माणसं बाहेर आली, छातीवर हरताळाचे बिल्ले. त्यातल्या एकाच्या हातात अजून एक दगड होता. तो त्याने पाठीमागे लपवला.

"ताई, टापा ऐकल्या की हात आपसूक खाली जातो. लागला नाही ना?"

"घोडीला विचारा."

तो आनंदा नावाचा गिरणी कामगार खरंच चंपासमोर गेला आणि हात जोडून उभा राहिला. गॅलऱ्या आता भरल्या होत्या. वरून कोणी ओरडलं, "आनंदा, पाया पड तिच्या! चारी!"

दुसरा स्वयंसेवक मात्र कडक होता. "ते ठीक आहे. पण हरताळात वाहन बंद आहे."

"सीताराम, घोडी वाहन कसं रे?"

"सकाळी बैलगाडी नाय अडवली आपण?"

"बैलगाडीला गाडी होती. हिला गाडी कुठाय?"

सीतारामने चंपाच्या मागे वाकून पाहिलं. गाडी नव्हती. त्याने वाट सोडली.

पहिल्या मजल्यावर कठड्याला टेकून एक म्हातारी हे सारं बघत होती. तिने विचारलं, "कोणाची गो घोडी?"

"माझी, आजी."

"धंद्याक ठेवलंस?"

"नाही. बसायला."

"नुसती बसूक?"

"नुसती बसायला."

कालिंदीचे कान गरम झाले. हा प्रश्न तिला सगळ्यांनी विचारला होता आणि प्रत्येक वेळी तिने काहीतरी कारण पुढे केलं होतं. वडिलांची आठवण. मुकं जनावर. डॉक्टरांनी सांगितलंय. आज पहिल्यांदा खरं उत्तर तोंडातून गेलं होतं, आणि तेही अख्ख्या चाळीसमोर.

म्हातारीने तिला काष्ट्यापासून केसांपर्यंत न्याहाळलं.

"मग बस गो बाय, बस," ती म्हणाली. "आमका बसूक पाट गावणा नाय."

चाळ खदखदून हसली. आनंदा म्हणाला, "ताई, इतक्या वर बसलाच आहात तर एक घोषणा द्या. मग जा."

दिवसभर दुसऱ्यांची पत्रं टाईप करणाऱ्या कालिंदीने उघड्या रस्त्यावर कधी आवाज काढला नव्हता. तिने घसा साफ केला. "संयुक्त महाराष्ट्र—" आवाज मध्येच चिरकला. तिने पुन्हा सुरुवात केली.

"झालाच पाहिजे!" चारही मजल्यांनी उत्तर दिलं.

आणि चंपाचे कान ताठ झाले. ट्रामच्या घंटेला भिणाऱ्या त्या घोडीला हा आवाज ओळखीचा होता. पुढे मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, आणि त्यांची एकदम उठलेली आरोळी. तिने मान लांबवली. कालिंदीच्या हातांना ते तिच्या आधी कळलं. लगाम आवळावा की सोडावा, एवढाच प्रश्न होता, आणि तो सोडवायला अर्धा श्वास होता.

तिने लगाम सोडला.

लालबाग दोन्ही बाजूंनी मागे वाहून गेलं. अंबाडा सुटला, डोळ्यांतून पाणी आलं, वाऱ्याने का आणखी कशाने. मागे कोणी शिट्ट्या मारत होतं. ती हसत होती, तोंड उघडं टाकून, एकटीच, मोठ्याने. तिच्या अंगात ना आई होती, ना सून, ना टायपिस्ट. आणि गंमत म्हणजे तिघीही तिच्याबरोबर घोडीवर होत्या आणि तिघीही हसत होत्या. चिंचपोकळीच्या पुलाच्या चढावर चंपा आपणहून मंदावली, फुरफुरली, आणि म्हाताऱ्या राणीसारखी पावलं टाकत पूल चढली. सात रस्त्याच्या चौकात एका हवालदाराने शिट्टी तोंडात घातली, तिच्याकडे पाहिलं, आणि शिट्टी तशीच परत काढली.

गिरगावातल्या गल्लीतही आधी दारं लागली. मग वरून शकूचा आवाज आला.

"आई! बाबा, आई मोठी झाली!"

गॅलरीत कमलाकांत शकूला कडेवर घेऊन उभा होता. शेजारी सुंदराबाई. कालिंदीने वर पाहिलं तेव्हा त्या आत वळल्या होत्या. जिना वाजला. एकेक पायरी, सावकाश. गल्लीतले लोक दारं किलकिली करून बघत होते. कालिंदीने रिकिबीतून पाय काढायला घेतला.

"उतरू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

त्या घोडीच्या डाव्या अंगाने आल्या. आधी उघडा तळहात नाकाखाली धरला, चंपाला हुंगू दिलं, मग मानेवर ठेवला. खोगिराच्या पट्ट्यात दोन बोटं घालून पाहिली. कालिंदीचा पाय, लहान मुलाचा उचलावा तसा, रिकिबीतून काढून बाजूला केला आणि बक्कल सोडलं.

"रिकीब लांब ठेवलीस. पाय असा लोंबला की कंबर धरते." त्यांनी पट्टा दोन भोकं वर घेतला. "कुठून आलीस?"

"भोईवाड्याहून."

"पुलाच्या उतारावर मागे झुकलीस?"

"झुकले."

"हं."

त्या पलीकडच्या बाजूला गेल्या. तिथली रिकीबही तेवढीच आखूड केली, मोजूनमापून नव्हे, नुसत्या हाताने.

"माई," कमलाकांत वरून म्हणाला, "तुला हे सगळं—"

"कमळू, शेगडीवर दूध आहे. बघ जा."

मग त्या कालिंदीकडे वळल्या. "उद्या दहाला तो माणूस येणार. दहाला तू कचेरीत. मी असेन घरात. सांगते त्याला, दुसरी बघ म्हणून."

"पण माई, पहाटे शकू—"

"शकू पाचपासून माझ्याकडे. रविवार सोडून. रविवारी मी झोपते."

कालिंदीने खाली वाकून त्यांचा हात धरायला हात पुढे केला, पण सासूबाईंनी त्या हातात लगाम नीट करून दिला.

"संध्याकाळी ट्रामगाड्या सुरू व्हायच्या आत पोचव तिला. त्याआधी चौपाटीवर ने, ओल्या वाळूवर चालव जरा. डांबराने खुरं तापतात. आम्ही तर कायम—"

त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"जा आता."

कालिंदीने घोडी वळवली. गल्लीच्या तोंडाशी तिने मागे पाहिलं. शेजारणी आपापल्या दारांत परतल्या होत्या, वर शकू हात हलवत होती. सुंदराबाई अजून गल्लीच्या मधोमध उभ्या होत्या, पाठ ताठ, कोपरं अंगाला लावून. दोन्ही रिकाम्या मुठी त्यांनी, लगाम धरावा तशा, कमरेपाशी धरल्या होत्या, अंगठे वर.