मागची घरघर

कारखान्यात तिला सगळे कॉलरवाली म्हणत. दिवसभर शर्टांना कॉलर जोडायच्या. बाही कोण लावतं, तिला ठाऊक नसे. मांडीवर मूल घेऊन मशीन चालत नाही, म्हणून तान्ही लेक तिने गावी सासूबाईंच्या पदरात टाकली होती. आता तीन वर्षांनी नवऱ्याने शहरात खोली बघितली, आणि ती लेकीला न्यायला आली.

"अगं, आई आली तुझी," सासूबाई म्हणाल्या.

पोर आत धावली, फळीवरचा फोन घेऊन आली आणि कानाला लावून म्हणाली, "कुठे आली? बंद आहे."

"वेडाबाई, ही काय समोर बसलीये."

"ही बाई आहे. आई फोनमध्ये असते."

कॉलरवालीने रोजचंच विचारलं, "माझी चिमणी जेवली का?"

पोरीने मान तिरकी करून ऐकलं. "आईच्या मागे घरघर असते. हिच्या मागे नाही."

खरंच होतं ते. मुकादमाचा डोळा चुकवून, फोन खांद्याने कानाशी दाबून, मशीन चालवतच ती लेकीशी बोलत आली होती.

तिने तोंडाने घर्र घर्र करून पाहिलं. पोर खदखदून हसली. "आजी, बाई मशीन झाली बघ."

तेवढ्या हसण्यावर तिने आशा धरली. वेणी घातली, भरवलं, शेजारी निजवलं. पण निघायच्या दिवशी ती कडेवर घ्यायला वाकताच पोरीने असा आकांत मांडला, की रडून रडून ओकली. सासूबाईंच्या पायांना मारलेली मिठी काही सुटेना. गाडीवाला हॉर्न वाजवू लागला. उद्या मशीन रिकामी दिसली, तर तिथे दुसरी बसणार होती.

"राहू दे आत्ता," सासूबाई खालमानेने म्हणाल्या. "मोठी झाली की कळेल."

दुसऱ्या दिवशी तिने मशीनवरून फोन लावला.

"आई!" पोर आनंदाने ओरडली. "एक बाई आली होती. मला न्यायला."

"मग गं?"

"मी आजीचे पाय धरले. सोडलेच नाहीत."

कॉलरवालीच्या हातातली कॉलर खाली पडली. उचलायला ती वाकली नाही.

"शहाणी गं माझी चिमणी," ती म्हणाली. "जेवलीस का?"

सुईखाली कापड नव्हतं. तरी तिने पायाने मशीन चालूच ठेवली.