मोठ्या ब्रेकसाठी छोटं कॉलेज

आमचं कॉलेज चाकण-तळेगाव रस्त्यावर, बबनरावांच्या हार्डवेअरच्या दुकानावर आहे. खाली सिमेंट, पत्रे आणि पाण्याच्या टाक्या. वर कला आणि वाणिज्य. बोर्डावर बबनरावांच्या वडिलांचं नाव आहे, कै. धोंडिबा. पण शेजारीच टाकीची जाहिरात त्याच रंगात असल्यामुळे बरेच लोक धोंडिबांना टाकीची कंपनी समजतात. टाकीला मागणी चांगली आहे.

बबनराव संस्थेचे अध्यक्ष. एमआयडीसीत जमीन गेली आणि पैसे आले तेव्हा त्यांच्या साडूने कॉलेज काढलं होतं, म्हणून यांनीही काढलं. साडूने पेट्रोल पंप काढला असता तर आज मी पेट्रोल भरत असतो आणि लोकांनी माझ्याकडे निदान पावती मागितली असती. तूर्त मी इथे तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतो.

कॉलेज खऱ्या अर्थाने चालवतात त्या विजयश्री मॅडम, आमच्या प्राचार्य. त्यांचं वेळापत्रक दर सोमवारी बदलतं, कारण कंपन्यांची शिफ्ट दर सोमवारी बदलते. फर्स्ट शिफ्टवाल्यांना दुपारी तास, सेकंडवाल्यांना सकाळी, नाइटवाल्यांना झोप झाल्यावर. आमची निम्मी पोरं कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये बसतात. विद्यापीठाला हे कळवलेलं नाही. कळवलं तर समिती येईल, आणि समितीला जेवणात दोन गोड पदार्थ लागतात.

मे महिन्यात ताथवड्याच्या एका शिक्षणसमूहाचा निरोप आला. समूह म्हणजे काय ते सांगतो. गेटपासून वर्गापर्यंत बॅटरीच्या गाडीतून जावं लागतं, मध्ये कारंजं असतं आणि ते पाहुणे आले की सुरू होतं. या समूहाला आमचं कॉलेज पाहिजे होतं. म्हणजे मान्यता पाहिजे होती. मॅडम, मी आणि पोरं हे त्यावर बसलेली धूळ. नाव बदलून 'कॅम्पस फोर' होणार आणि पोरांना बसने ताथवड्याला नेणार. चाकणच्या चौकातली कोंडी बघता पहिल्या वर्षाला बसमध्ये चढलेला मुलगा उतरेल तेव्हा लग्नाचा असेल. शिफ्ट करून शिकणाऱ्यांचा तर विषयच संपला.

मॅडम बबनरावांना देवळाच्या पारावर गाठून भांडल्या. सगळा गाव भेळ खात ऐकत होता.

"अध्यक्ष, ही पोरं कुठे जातील?"

"कुटं म्हंजे? घरी." मग लोक बघतायत हे लक्षात येऊन बबनरावांनी आवाज चढवला. "बरं, आयका. पैल्या वर्षाचा वर्ग भरून दावा. भरला तर कालेज ऱ्हाईल. न्हाई भरला तर मी सही करनार. चारचौगात सांगतो."

वर्ग कधीच भरला नव्हता, त्यामुळे शब्द द्यायला त्यांना काहीच वाटलं नाही.

प्रवेश वाढवायला त्यांच्या मुलाने, रविराजने, बाणेरहून कुलदीप नावाचा ब्रँडिंगवाला आणला. माझ्याच वयाचा. पायात मोजे नाहीत आणि बुटांकडे बघितलं तर मोजे मुद्दाम घातलेले नाहीत हे कळावं असे बूट. तो वर्ग बघायला आला आणि बाकाला हात लावून "वॉव" म्हणाला. बाक डगमगत होता.

"सर, तुमचा यूएसपी काय?" त्याने बबनरावांना विचारलं.

"यूपीएस आमी ठेवत न्हाई. इन्व्हर्टर हाय. बॅटरीसकट देतो."

"नाही, म्हणजे वेगळेपण. मला वाटतं आपण स्मॉलनेस सेल करूया. मोठ्या कॉलेजात मुलगा नंबर असतो, इथे माणूस असतो. बुटीक कॉलेज!"

बबनरावांनी माझ्याकडे बघितलं. "ब्लाऊज शिवायचं का काय?"

मग कुलदीप म्हणाला, आपलं कॉलेज म्हणजे एक कुटुंब, असं लिहू. मी त्याला समजावलं की इथे कुटुंब म्हटलं की लोकांना आधी वकील आठवतो. गुंठ्यावरून सख्खे भाऊ खेडच्या कोर्टात वेगवेगळ्या बाकांवर डबा खातात. त्याने वहीत 'कुटुंब' खोडलं आणि बराच वेळ छताकडे बघितलं. छत गळतं, पण तो प्रेरणेसाठी बघत होता. शेवटी त्याने ओळ दिली:

'मोठ्या ब्रेकसाठी छोटं कॉलेज! आजच या.'

"भावा, ब्रेक शब्द काढ," मी म्हणालो.

"का? कॅची आहे."

का ते चाकणच्या टपरीवरचं कुत्रंही सांगेल. इथे कंत्राटी कामगाराला सहा-सात महिने झाले की ठेकेदार ब्रेक देतो. म्हणजे उद्यापासून येऊ नको. जास्त दिवस राहिला तर माणूस पर्मनंट करा म्हणेल, म्हणून. छोटा ब्रेक म्हणजे काही दिवसांनी परत बोलावतात. मोठा ब्रेक म्हणजे बोलावतच नाहीत. 'त्याला मोठा ब्रेक भेटला' असं इकडे आपण कुणी गेल्याच्या आवाजात सांगतो. बाणेरला ब्रेक म्हणजे माणूस स्वतःहून घेतो, हिमाचलला जातो आणि तिथून डोंगराचे फोटो टाकतो.

हे सगळं मी कुलदीपला सांगितलं. त्याने विचारलं, "तू कॉमर्सवाला ना?" आणि विषय संपला. फ्लेक्स चौकात लागला, बरोबर कंपनीच्या बसेस थांबतात तिथे. बाजूला एका भाऊंचा वाढदिवसाचा फ्लेक्स होता. त्यावर चाळीस चेहरे होते, आमच्यावर एक. इंटरनेटवरून घेतलेली, गळ्यात स्कार्फ घातलेली, हसणारी परदेशी मुलगी. चाकणमध्ये मे महिन्यात.

दुसऱ्या दिवशी एका ठेकेदाराचा मला फोन. "मास्तर, ब्रेक द्यायचा धंदा आमचा हाय. तुमी कदी सुरू केला?" आणि पाच मिनिटं हसणं. एका आईने मुलाचा भरलेला अर्ज परत नेला. नोकरी लागायच्या आधीच ब्रेक नको म्हणाली. जुलै संपत आला तरी पहिल्या वर्षाच्या वर्गात मॅडमनी स्वतः आणलेली मोजकी पोरं आणि खूप उजेड होता.

शनिवारी सहीचं ठरलं. समूहाचे संचालक दौलतराव साहेब पांढऱ्या गाडीतून आले. बरोबर लॅपटॉप धरायला एक माणूस. दुकानात एकच बरी खुर्ची आहे, ती त्यांना दिली. ते पीव्हीसी पाइपांमध्ये बसून म्हणाले, "आम्ही शिक्षण देत नाही, बबनराव. आम्ही इकोसिस्टीम देतो."

"द्या," बबनराव म्हणाले. त्यांना वाटलं फिटिंगसकट.

वर मॅडम हजेरीपट कपाटात लावत होत्या. फार नीट लावत होत्या, त्यामुळे मला तिकडे बघवेना. मी खिडकीतून बाहेर बघितलं, आणि रस्त्यावरून माणसं येत होती. पाठीला सॅक, पायात सेफ्टी शूज, काहींच्या अंगावर अजून कंपनीचे शर्ट. महिनाअखेर होती. आदल्या दिवशी दोन-तीन कंपन्यांनी एकदम ब्रेक दिले होते.

बबनरावांनीही बघितलं. "युनियन! युनियन आली!" असं ओरडून त्यांनी आतून शटर ओढलं आणि दौलतराव साहेबांची इकोसिस्टीम अंधारात गेली.

लोक सरळ जिना चढले. सगळ्यात पुढे एक मुलगी होती, करिष्मा. हिंगोलीकडची. वायरिंगच्या कंपनीत लाइनवर होती.

"सर, नाव इथंच नोंदवायलेत का? मला मोठा ब्रेक भेटलाय."

"ताई, हे कॉलेज आहे."

"मंग? लिहलंय की तसंच. मोठा ब्रेक, छोटं कॉलेज." तिने वर्गावरून नजर फिरवली. "छोटं बी हाय. बारावी झालीय माझी. आन् ह्या सगळ्यांची."

मागून एक जण म्हणाला, "ब्रेक भेटल्यावर 'या' म्हणणारं हे पहिलंच बोर्ड बघितलं राव."

कुलदीपला जे म्हणायचं होतं ते एकालाही कळलं नव्हतं. म्हणून वर्ग भरत होता.

एव्हाना खाली शटर अर्धं उघडलं होतं. ही गर्दी प्रवेशाला आलीय हे कळल्यावर दौलतराव साहेबांना ती आपल्यासाठीच आलीय असं वाटलं. अशा माणसांना असंच वाटतं. ते जिन्याच्या पायरीवर उभे राहिले. "मित्रांनो, लवकरच हा कॅम्पस फोर होतोय. एसी बस, बायोमेट्रिक हजेरी, पंचाहत्तर टक्के उपस्थिती कंपल्सरी..."

"शिकवतंय कोण?" करिष्माने वरून विचारलं.

"आमच्याकडे देशविदेशातली फॅकल्टी आहे."

"नाव काय त्यांचं?"

साहेबांनी लॅपटॉपवाल्याकडे बघितलं. लॅपटॉपवाल्याने लॅपटॉप उघडला. मग बबनरावांकडे वायफायचा पासवर्ड मागितला. बबनराव म्हणाले, "वायफाय न्हाई, वायसर हाय." सगळे थांबले. एका शैक्षणिक समूहाला स्वतःच्या एका शिक्षकाचं नाव आठवावं म्हणून चाकणमधले साठेक बेकार जिन्यावर आणि रस्त्यावर शांतपणे उभे होते.

"बरं, कंपनीने पुन्हा बोलावलं तर? सेकंड शिफ्टला?" तिने तेवढ्यात दुसरा प्रश्न टाकला.

"हेल्पडेस्कला मेल करायचा."

मग मॅडम दारात आल्या. हाताला कपाटातली धूळ होती. "सेकंड असेल तर सकाळी आठला ये. आठवड्याने शिफ्ट बदलली की मला सांग, तासही बदलू. अकाउंट्स मी शिकवते, अर्थशास्त्र हे धनेश सर. कंटाळवाणं शिकवतात, पण पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगतात."

माझ्या नोकरीतली ही एकमेव लेखी किंवा तोंडी प्रशंसा. तीही अर्धीच.

"नाइट असल तर?"

"झोप झाल्यावर ये. दार मी उघडते."

करिष्मा आत गेली आणि पहिल्या बाकावर बसली. तिच्यामागून बाकीचे. डगमगत्या बाकाखाली कुणीतरी सवयीने पुठ्ठ्याची घडी सरकवली. बाक भरले, मग खिडकीचे कठडे भरले, तरी जिन्यावर माणसं उरली.

कुलदीप कुठून उगवला माहीत नाही. हात वर करून व्हिडिओ काढत होता. "सांगितलं होतं ना, कॅची आहे!" एका वेल्डरने त्याला बाजूला केलं, कारण तो दारात होता.

खाली बबनराव वर बघत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर शिक्षणाबद्दलचं प्रेम वगैरे काही नव्हतं. उगाच खोटं कशाला सांगू? आपल्या भागातल्या माणसाला शब्द मोडायला काही वाटत नाही, पण चारचौघांत मोडायला वाटतं. आणि आता रस्त्यापलीकडच्या टपरीवर पारावर भेळ खाणारे तेच लोक येऊन उभे राहिले होते. एकाने हाक मारली, "काय बबनराव, भरला का वर्ग?"

"दिसत न्हाई व्हय तुला?" बबनराव खेकसले.

दौलतराव साहेब पुन्हा दुकानात जाऊन खुर्चीत बसले होते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "हे सगळं ठीक आहे, बबनराव. गर्दी दोन दिवसांची असते. आपण सही उरकू."

बबनरावांनी गोदामातून रंगाचे रिकामे डबे काढायला सुरुवात केली होती. उलटे करून, झटकून, ते एकेक माझ्या हातात देत होते आणि मी वर पोचवत होतो. डबे संपले. प्लायवुडच्या दोन फळ्या गेल्या. पाण्याची एक छोटी टाकीही आडवी करून गेली. तिच्यावर तिघं बसले.

वरून मॅडमचा आवाज आला, "अजून एक जण उभाय!"

बबनरावांनी दुकानभर नजर फिरवली आणि ती साहेबांवर येऊन थांबली.

"साहेब, जरा उटता का? खुर्ची वर पायजे."