कुठेही पंधरा मिनिटांत

गेल्या वर्षी आमच्या केल्सो बेंडचा देशात चौदावा नंबर आला आणि अख्खं गाव महिनाभर सुतकात गेलं. ‘राहायला उत्तम छोटी शहरं’ अशी यादी शिकागोचं एक मासिक दरवर्षी छापतं. चौदावा म्हणजे तसा वाईट नव्हे. पण नदीपलीकडचं मार्व्हिन सहावं आलं. मार्व्हिन! जिथल्या नळाच्या पाण्याला अंड्याचा वास येतो! का, तर तिथे म्हणे थाई जेवण मिळतं. आम्ही आयोवाची माणसं. अन्नात मिरपूड जरा जास्त पडली तर पाण्याचा तांब्या शोधणारी. आणि आमचा नंबर गेला थाई जेवणापायी.

महापौरांनी लगेच नागरिकांची समिती नेमली. अध्यक्ष बेव्ह लिंडक्विस्ट, ती घरं विकते. दुसरा गॉर्डी थीलन, तो गाड्या विकतो. तिसरा मी, ओर्व्हिल हास. मी काहीच विकत नाही, म्हणून शोभेला घेतला असेन. शिवाय एकतीस वर्षं मी इथल्या शाळेत पोरांना गाडी चालवायला शिकवली. गावातल्या निम्म्या लोकांनी पहिला ब्रेक माझ्या शेजारी बसून दाबला आहे, आणि त्यातल्या काहींनी फारच उशिरा.

आम्ही चर्चच्या तळघरात बसून मासिकाचा फॉर्म भरायला घेतला. कॉफी चर्चची, म्हणजे गरम पाण्याला कॉफीची नुसती ओळख करून दिलेली. प्रश्न चाळीस. हवा कशी? उत्तम. शेजारी कसे? उत्तम. थंडी उणे पंचवीस, ती आम्ही लिहिली ‘ताजी’. प्रवासाला वेळ किती, यावर तिघंही एका सुरात बोललो, “कुठेही पंधरा मिनिटांत!” हा आमच्या गावाचा जपच आहे. इथे कुणालाही विचारा, छाती फुगवून सांगेल. पंधरा मिनिटांत पोचून तिथे करायचं काय, असं मात्र विचारू नये.

बाविसावा प्रश्न होता, गाडी न चालवणाऱ्यांची सोय काय?

“न चालवणारा आहे कोण इथे?” गॉर्डी म्हणाला. “आपल्याकडे पोराला आधी चाकं फुटतात, मग दात.”

“बस होती ना आपली,” मी म्हटलं.

“होती. रिकामी हिंडायची बिचारी. बंद केली तेव्हा तूही हात वर केला होतास.”

“ओर्व्हिल, लिही तू,” बेव्ह म्हणाली. “‘शेजारी एकमेकांना नेतात.’”

“कोण नेतं?”

“अरे, वेळ आली तर नेतीलच की! आपण काय मार्व्हिनचे आहोत?”

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, तेवढंच माझं समितीतलं काम.

आता अर्लीनबाईंबद्दल सांगायला हवं. अर्लीन व्होल्क, वय त्र्याऐंशी, घर माझ्या घराच्या बरोब्बर समोर. शाळेच्या खानावळीत त्यांनी चाळीस वर्षं स्वयंपाक केला. बुधवारी राजम्याची नावापुरती तिखट आमटी आणि तिच्याशेजारी दालचिनीचा गोड रोल, हे जेवण बाहेरचा माणूस बघतो आणि तोंड वाकडं करतो. आमच्याकडे त्याच्यावर तीन पिढ्या पोसल्या. नवरा गेला, मुलगी जॉय हजारभर मैलांवर फिनिक्सला गेली. बाई राहिल्या. आपलं घर, मागे भाज्यांचे चार वाफे आणि दारात एक जुनी बदामी ब्यूक गाडी.

आणि बाईंना दिसत नव्हतं. म्हणजे कडेचं दिसायचं, मधलं नाही. “माणसाचे कान दिसतात मला,” त्या म्हणायच्या, “नाकाचा अंदाज करते.” तरी दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला ब्यूक बाहेर पडायची. मंगळवारी दुकान, शुक्रवारी केस सेट करायला, शिवाय रविवारी चर्च. ताशी पंधरा मैल.

मी गाडी शिकवणारा मास्तर. मला कळत नव्हतं असं नाही. पण आमच्याकडे माणसाला तोंडावर काही सांगायची रीत नाही. आम्ही हात हलवतो. आमच्या चौकांत सिग्नल नाहीत, चारी बाजूंना थांबायच्या पाट्या आहेत. आधी येईल त्याने आधी जावं असा कायदा. पण केल्सो बेंडचा माणूस आधी आला तरी दुसऱ्याला हात करतो, तुम्ही व्हा पुढे. दुसरा म्हणतो, छे छे, तुम्हीच. चार गाड्या, चार हात, आणि मागे बाहेरगावचा एखादा हॉर्न वाजवून घसा कोरडा करतोय. हे मी शिकवलंय पोरांना. पुस्तकात नाही ते.

तर ब्यूक दिसली की गाव आपसूक थांबायचं. मंगळवार-शुक्रवार दहाच्या सुमाराला सातव्या रस्त्याच्या चौकात सगळे दोन गाड्या लांबच उभे राहायचे. बाई पाटी न बघता सरळ निघून जायच्या, आणि आम्ही हात हलवायचो, जो त्यांना दिसायचा नाही. कुणी कुणाशी बोललं नव्हतं. ठरलं नव्हतं. झालं होतं.

जॉयचं मात्र ठरलेलं होतं. “आई, ज्या दिवशी गाडी चालवणं सुटेल, त्या दिवशी तू फिनिक्सला.” तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांची इमारत होती, सातवा मजला, खिडकी न उघडणारी. बाई एकदा बघून आल्या होत्या. “ओर्व्हिल,” त्या मला म्हणाल्या, “तिथे माती कुंडीत असते रे. मी तिथे गेले तर तीन महिन्यांत मरेन. आणि जॉयला वाटेल, हवा मानवली नाही.”

मे महिन्यात मासिकाची बाई आली. निकोल नाव, तिशीची, बूट आमच्या गावाला न शोभणारे. गॉर्डीने दिलेल्या नव्याकोऱ्या गाडीत मी चालवायला, ती शेजारी, मागे बेव्ह. बेव्ह दर घराची किंमत सांगत होती. निकोल जांभया गिळत होती. तळं झालं, वाचनालय झालं. नंबर हातचा जातोय हे मला तिच्या मानेवरून कळत होतं.

आणि सातव्या रस्त्याचा चौक आला. शुक्रवार, दहा वाजून पाच मिनिटं. चारी बाजूंना गाड्या उभ्या. कुणी हलेना. ब्यूक आली, पाटी ओलांडून संथपणे मधून निघून गेली, आणि सात-आठ हात वर झाले.

निकोल ताठ बसली. “कोण होत्या त्या? सगळे का थांबले?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. बेव्हने मागून माझ्या सीटला गुडघाही मारला. पण एकतीस वर्षांची मास्तरकी अंगात आली. मला वाटलं, हे माझं. हे मी घडवलं. मी छाती फुगवून म्हटलं, “त्यांना पाटी दिसत नाही. पण गावाला त्या दिसतात ना!”

वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते परत एकदा म्हटलं. तिने लिहून घेतलं.

निकोलला बाईंना भेटायचं होतं. भेटवलं. बाईंनी तिला दालचिनीचा रोल दिला, ती दोन खाऊन तिसऱ्याकडे बघत होती. “इथे गाडी चालवता आली नाही तर काय हो करतात?” तिने विचारलं.

“तर इथे राहत नाहीत, पोरी,” बाई म्हणाल्या. “अजून एक घे.”

ऑगस्टमध्ये यादी आली. केल्सो बेंड पाचवं! मार्व्हिन घसरून अकरावं. गॉर्डीने दुकानाबाहेर फुगे लावले, महापौरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि पानभर फोटो कुणाचा, तर ब्यूकला टेकून उभ्या अर्लीनबाईंचा. खाली माझं वाक्य, माझ्या नावासकट. लोक मला मिठ्या मारत होते.

अर्लीनबाईंच्या घरी दोन गोष्टी पोचल्या. आधी परवाना खात्याचं पत्र, डोळे तपासून घ्या म्हणून. तेही मासिकं वाचतात, मला वाटलं नव्हतं. डोळे तपासले, परवाना गेला. मग जॉयचा फोन. मी तिथेच होतो, माफी मागायला गेलो होतो. बाई मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“जॉय म्हणते, गाव एवढं गुणाचं असेल तर बघू,” त्यांनी सांगितलं. “दोन महिने. मंगळवार, शुक्रवार, रविवार कुणी मला नेलं-आणलं, तर मी इथेच. नाहीतर फिनिक्स.”

“एवढंच ना? बाई, अख्खं गाव आहे!”

“आहे खरं,” त्या म्हणाल्या.

चर्चमध्ये कुठलंही काम निघालं की आम्ही दोरीने पेन बांधलेली पाटी भिंतीला लावतो आणि खाली नावं लिहितो. बाळंतपण असो, मयत असो, कोण कोणतं जेवण नेणार ते त्यावर ठरतं. बाईंसाठीही पाटी लागली. पहिल्या रविवारी नऊ नावं. बेव्हने नावापुढे बदाम काढला. शुक्रवार मी घेतले.

पहिला आठवडा गाव धन्य झालं. दुसऱ्या आठवड्यात बेव्हला मंगळवारी घर दाखवायचं होतं. तिने गॉर्डीला सांगितलं, गॉर्डीने आपल्या बायकोला, बायकोने पाटीवर प्रश्नचिन्ह काढलं. सगळे बाईंना भेटले की म्हणायचे, “काही लागलं तर केव्हाही हाक मारा हं!” आणि बाई हाक मारायच्या तेव्हा पलीकडून ‘निरोप ठेवा’ अशी टेप वाजायची. तिसऱ्या आठवड्यात पाटीवर तीन नावं उरली. चौथ्यात माझं एक, आणि दोरीला पेन.

मी शुक्रवार चुकवला नाही. एकच चुकवला.

त्या शुक्रवारी हमरस्त्याला नवा फलक लागणार होता. ‘केल्सो बेंड: राहायला उत्तम, देशात पाचवं. कुठेही पंधरा मिनिटांत.’ पडदा दहा वाजता. समितीने फोटोत असायलाच हवं, असा महापौरांचा निरोप. मला वाटलं, आज बाईंना दुसरं कुणीतरी नेईल. हे वाटायला मला कष्ट पडले नाहीत. आमच्या गावात सगळ्यांना सगळ्याच वेळी असंच वाटत असतं. बँड वाजला, गॉर्डीने भाषण लांबवलं, लिंबाच्या वड्या खाऊन मी साडेबाराला घरी आलो.

अर्लीनबाई त्यांच्या ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या. अंगात कोट, मांडीवर पर्स, डोक्याला रुमाल. दहापासून. कोटाची सगळी बटणं लावलेली.

मी धावत रस्ता ओलांडला. “बाई, अहो, दुसऱ्या कुणाला फोन तरी करायचा!”

“केले ना. सहा केले. सगळे फलकाला गेले होते.” त्यांनी माझ्या कानाकडे बघून विचारलं, “छान झालाय का रे?”

लाज वाटली असं म्हणणं फार सोपं आहे, पण लाजच वाटली, पायापासून.

“सातवा फोन जॉयला केला,” त्या म्हणाल्या. “येतेय ती पुढच्या शनिवारी.”

निरोपाच्या जेवणाची पाटी भिंतीला लागली आणि तासाभरात भरली. खाली दुसरा कागद चिकटवावा लागला. एकेचाळीस जण, एकवीस प्रकारचे बटाटे. कुणी सुट्टी काढून आलं, कुणी घर दाखवणं पुढे ढकललं. बेव्ह हुंदके देत होती, आणि हुंदक्यांच्या मध्ये जॉयला विचारत होती, घर कधी बाजारात आणायचं. ब्यूक गॉर्डीने घेतली. म्हणाला, दुकानात मांडून ठेवीन, गावाची आठवण.

शनिवारी सकाळी जॉय डिकीत सामान भरत होती. मी बाईंना हात धरून गाडीत बसवलं आणि पट्टा लावून दिला. सवयीने म्हटलं, “आरसा बघा.” त्या हसल्या.

“ओर्व्हिल, इथून चर्चला गाडीने किती वेळ लागतो रे?”

“चार मिनिटं.”

“आणि दुकानाला?”

“सहा. वाटेत मालगाडी आडवी आली तर नऊ.”

“आणि तुझ्या दारापासून माझ्या दारापर्यंत?”

रस्ता वीस पावलांचा आहे. मी दार लावलं आणि गाडीला वळसा घालून त्यांच्या ओसरीपाशी जाऊन उभा राहिलो. जॉयने गाडी सुरू केली. बाईंनी काच अर्धी खाली घेतली आणि माझ्या दाराच्या दिशेला, अंदाजाने, हात हलवला.

मी दुसऱ्या बाजूला उभा होतो.