एकाच बार्जचं तेल

धाकट्याने खुर्ची वकीलबाईंच्या टेबलावरच्या फोनजवळ ओढली. प्रयोगशाळेचा फोन त्यांना येणार होता, त्याला नव्हे. पण जीव थाऱ्यावर नसला की माणूस फोनच्या जवळ जाऊन बसतो.

धुक्यात बंदराच्या तोंडाशी दोन जहाजं एकमेकांवर आदळली होती. एक त्याचं, दुसरं थोरल्या भावाचं. दोन्हींच्या इंधनाच्या टाक्या फुटल्या आणि किनारा मच्छीमारांच्या जाळ्यांसकट काळा झाला. वाटणी झाल्यापासून भावाभावांत बोलणं नव्हतं. सांडलेल्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत गेले होते. कुणाचं तेल किती सांडलं हे एकदा ठरलं, की ज्याचं त्याने निस्तरायचं. धाकट्याची सगळी भिस्त त्यावर होती.

फोन आला. वकीलबाईंनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"तेल एकच आहे. तुमचं कुठलं, त्यांचं कुठलं, वेगळं काढता येत नाही."

"असं कसं?"

"दोघांनी भरलं कुठून?"

भांडणानंतर दोघांनी धक्के बदलले, जहाजांचे रंग बदलले, न्हावीसुद्धा बदलला. इंधन मात्र जहाजांना तेल पुरवणाऱ्या त्याच जुन्या तराफ्यावरून, बार्जवरून, घेत राहिले. तिथल्या तेलात पाणी नसतं, असं वडील म्हणत. तेवढ्या बाबतीत दोघेही आज्ञाधारक निघाले.

"म्हणजे आता अख्ख्या नुकसानीला दोघेही जबाबदार. अर्ध्याअर्ध्याला नाही. एकाने हात वर केले, तर दुसऱ्याकडून सगळं वसूल होईल."

"दादाने कंपनी बंद केली, तर मी संपलो?"

"हो. आणि तुम्ही केलीत, तर ते."

धाकट्याने खुर्ची मागे सारली. "मग माझी आजच बंद करायच्या तयारीला लागा."

वकीलबाई काही बोलणार तोच दार उघडलं. दादा होता, जिना चढून धापा टाकत. त्यालाही प्रयोगशाळेने कळवलं असणार. याने आधीच हात वर केले, असं धाकट्याला वाटलं.

दादाने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"बाई, सगळं माझ्यावर घाला."

"तसं नाही करता येत. मागणारे दोघांकडे मागणार. ज्याच्याकडे सापडेल, त्याच्याकडून घेणार."

"मग माझ्याकडे आहे म्हणून सांगा त्यांना. घर आहे, दुसरं जहाज आहे. याच्या वाटेला जाऊ नका म्हणावं."

वकीलबाईंनी धाकट्याकडे पाहिलं. मगाचं बोलणं त्यांनी काढलं नाही. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्याकडेही आहे," तो म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला की दादाने कान पुढे केला.

"काय म्हणालास?"

मग त्याला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.