दोरावरची वसाहत

मी बोलतेय म्हणजे खरं तर आम्ही शेकडोजणी बोलतोय, एकाच कातडीतून. समुद्रातली वसाहत आहे मी. तिळाएवढे जीव, फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल करून बसलेले. सगळ्यांत मिळून एकच मऊ पांघरूण आणि आतून एकच रक्त. शास्त्रज्ञांकडे माझं लांबलचक नाव आहे. बोटीवरची माणसं सरळ ‘चिकटा’ म्हणतात.

लहानपणी मला शेपूट होती, पोहता येत होतं. पण ते बालपण जेमतेम काही तासांचं. एका जुन्या बोटीच्या बुडाला डोकं टेकलं, शेपूट विरघळून गेली आणि मी जन्माची तिथेच खिळले. मग एकीला अंकुर फुटून दुसरी झाली. जुन्या थकल्या की विरून जायच्या, नव्या त्यांची जागा घ्यायच्या. मरण आमच्या घरात रोजचंच. त्याचं रडू कधी आलं नाही.

ती बोट एका शिंपलेवाल्याने दूरच्या बंदरातून आणली. तिच्याबरोबर मीही आले, आगंतुकासारखी. तरंगत्या पिंपांना दोर बांधून, त्या दोरांवर तो शिंपले वाढवायचा. पलीकडे त्याच्या धाकट्या भावाचे दोर होते. वडील गेल्यावर खाडीच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं होतं, बोलणं बंद होतं. आमच्यात नात्यातलं कुणी शेजारी आलं तर दोघींचं रक्त एकमेकींत मिसळतं. या भावांचं मला कोडंच वाटायचं.

माझी पिल्लं लांब जात नाहीत. ती जवळच्या दोरावर बसली. शिंपलेवाल्याच्या बायकोनेच ती आधी पाहिली.

“अहो, बघा तरी, दोराला फुलं आलीत!”

“फुलं खाऊन पोट भरतं होय?” तो हसला.

पुढच्या हंगामात ते हसू मावळलं. मी शिंपल्यांवर पसरले, त्यांची तोंडं झाकली. ज्या पाण्यातून ते दाणापाणी गाळून घेत, त्यातूनच मीही घेत होते. दोघं नवरा-बायको मला सुरीने खरवडायचे आणि पाण्यात भिरकावून द्यायचे. जो तुकडा कुठे अडकला, तो तिथेच रुजला. मारता मारता त्यांनीच मला पेरलं.

दोर जड होत गेले. एका सकाळी वर ओढताना माझ्याच भाराने दोर कप्पीवरून निसटला आणि शिंपलेवाल्याचा उजवा हात त्यात सापडला. हात वाचला, बोटं गेली.

मग प्रयोगशाळेतल्या बाई आल्या. “तुकडे पाण्यात टाकू नका. सगळे दोर किनाऱ्यावर काढून उन्हात वाळवा. थोडे ठेवलेत तरी ही परत पसरेल.”

त्या गेल्यावर शिंपलेवाला म्हणाला, “शिंपले अजून हाताशी आलेले नाहीत. तेही मरतील.”

“आपले तसेही मरतायत. भाऊजींच्या दोरांना अजून लागण नाही.”

“ज्याने माझं तोंड बघणं सोडलं, त्याच्यासाठी?”

“पाण्याला का तुमच्या वाटण्या कळतात?” ती म्हणाली आणि बोटीकडे गेली.

ती एकटी ओढत राहिली. तळहात सोलले, तरी थांबली नाही. अर्धे दोर वाळूवर आल्यावर दीर धावत आला.

“वहिनी, मला का नाही बोलावलंत?”

“बोलावलं असतं तर आला असतात, भाऊजी?”

तेवढ्यात त्याला दगडावर बसलेला भाऊ दिसला, मांडीवर ठेवलेला तो हात दिसला. “दादा...” एवढंच तो म्हणाला. दादाने तोंड फिरवलं. खांदे मात्र हलत राहिले.

आता मी उन्हात पडलेय. कातडी आक्रसतेय, एकेकजण गप्प होतेय. या मरणानंतर नवा अंकुर नाही. खालचे शिंपले तोंड उघडून पडलेत. त्यांच्याशी माझं वैर नव्हतं. पसरणं तेवढं मला येत होतं, त्यालाच मी जगणं समजले.

तुम्ही बोटी घेऊन बंदरोबंदरी जाता, म्हणून एक विनवणी. निघण्यापूर्वी बोट किनाऱ्यावर ओढा, बूड खरवडा आणि खरवड कोरड्या जमिनीवरच राहू द्या. माझ्यासारखीला परक्या पाण्यात नेऊ नका.

शेवटचा दोर वर येतोय. वहिनी पुढे, दीर मागे. दादा अजून उठलेला नाही. पण आता त्याचं तोंड इकडे आहे.