पाठीवरची पट्टी

जिन्याखाली उभे राहून श्यामसुंदरराव म्हणाले, "अहो, तुमची पट्टी आमच्या जिन्यात पडली आहे. आपण उचलताय, की मी केरसुणी आणू?"

उत्तरेश्वर ओशाळून खाली आला. औशाहून आलेला हा मुलगा हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होता आणि कोथरूडला श्यामसुंदररावांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होता. पंधरवड्यापूर्वी डॉक्टरांनी त्याच्या पाठीवरचं गळू कापलं होतं. जखम आतून भरून यायची होती, म्हणून रोज ड्रेसिंग बदलायचं. पण कंपनीची बस सकाळी लवकर सुटायची आणि परत येईतो दवाखाना बंद झालेला असायचा. मग आरशात बघत तो स्वतःच कसंबसं उरकू लागला होता.

"सॉरी सर. घामानं चिकटतच नाही ती."

"बघू."

"नको सर, उगं कशाला..."

"तुमची मान तितकी वळणार नाही. तुम्हीच वळा."

शर्ट वर झाला तसे श्यामसुंदरराव वाकून बघू लागले. मग त्यांनी बायकोला हाक मारली, "पद्मजा, जरा चष्मा घेऊन ये."

जखमेभोवतीची कातडी लालभडक झाली होती. बारीक फोड आले होते आणि पट्टी ओढताना दोन ठिकाणी सालपटं निघाली होती.

"चिघळलीय ना?" उत्तरेश्वरचा आवाज बारीक झाला. "मला वाटलंच. खाजेनं झोप नाही. घरी बोललो नाही, आई लगेच एसटीत बसून येईल."

पद्मजाबाई जवळून बघत म्हणाल्या, "जखम तर बरी दिसतेय की. लाल झालंय ते तिच्या बाजूला, आणि तेही आखल्यासारखं चौकोनी. जिथं चिकटपट्टी, तिथंच. हे चकाकतंय काय?"

"खोबरेल. खाज सुटली की लावतो. मग पट्टी निघते, म्हणून चिकटपट्टी जास्त लावतो. आडवी-उभी."

"तेलावर चिकटपट्टी," श्यामसुंदरराव म्हणाले, "आणि नाव घामाचं."

त्या दिवशी त्यांनी त्याला बस सोडायला लावली आणि स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचं म्हणणं तेच पडलं. जखम स्वच्छ होती, पट्टीवरचा डिंक त्याच्या कातडीला सोसत नव्हता. लाल झालेल्या भागापुरतं मलम दिलं, ते जखमेत जाऊ द्यायचं नाही म्हणून बजावलं, आणि टेप बंद. कागदी टेपचा तुकडा दंडावर लावून पाहिला, तर दुसऱ्या दिवशी तिथंही खाज. मग छातीभोवती बँडेज गुंडाळलं. ते हिंजवडीच्या खड्ड्यांत घसरत घसरत कमरेपर्यंत आलं.

"हे काही खरं नाही," पद्मजाबाई म्हणाल्या आणि शिलाई मशीनवरचं झाकण काढलं.

मऊ झालेल्या सुती साडीच्या त्यांनी रुंद पट्ट्या कापल्या आणि दप्तराला असतात तशा दोन्ही खांद्यांवरून घेऊन पुढे बांधता येतील अशा शिवल्या. पाठीवर मधे जोडलेल्या कापडाखाली गॉज जागच्या जागी राहायचं. कुठंही डिंक नाही.

रोज सकाळी श्यामसुंदरराव साबणानं हात धुऊन तयार असत. नवं गॉज ठेवून नाड्या बांधत.

"घट्ट झालं?"

"नाही सर."

"मोठा श्वास घ्या, मग बोला."

"थोडं झालं, काका."

'काका' कसं तोंडातून गेलं ते उत्तरेश्वरला कळलंही नाही. श्यामसुंदररावांनी ऐकलं आणि गाठ जराशी सैल केली.

ऑफिसात मित्रांनी शर्टाखालच्या फुगवट्याबद्दल विचारलं, तेव्हा "आमच्या काकूंनी शिवलंय," असं त्यानं बिनदिक्कत सांगितलं. फोड बसले, खाज गेली. मग एका संध्याकाळी त्यानं आईला फोन करून सगळं सांगितलं. आई आधी रडली, मग रागावली आणि शेवटी म्हणाली, "फोन त्या बाईंकडं दे." दोघी इतका वेळ बोलल्या, की श्यामसुंदररावांनी आमटी स्वतःच गरम करून वाढून घेतली.

जखम भरली तो रविवार होता. दुपारी वरच्या खोलीत उत्तरेश्वरनं गादी खिडकीपाशी ओढली आणि कितीतरी दिवसांनी तो पाठीवर झोपला. आधी भीत भीत, मग सगळं अंग सैल सोडून. खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता. तो ऐकता ऐकता त्याला गाढ झोप लागली.