मजकूर केलेली तारीख

आंध्रातल्या भीमवरमला आमच्या ऑफिसात भार्गवी माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. कोळंबीच्या तळ्यात सोडलेलं यंत्र पाण्यातला प्राणवायू मोजतं आणि आकडा मालकाच्या मोबाइलवर येतो, तो प्रोग्राम तिचा. पहिलं यंत्र तिने आपल्या मामाच्याच तळ्यात बसवलं. मामा रामभद्रराजू हट्टी माणूस. रोज पहाटे काठावर उकिडवं बसून प्राणवायू घटल्यामुळे कोळंबी वर येतेय का ते डोळ्यांनी बघायचे.

"मामा, आता निवांत झोपा. प्राणवायू घटला की मोबाइल ओरडेल," असं भाचीने छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा कुठे ते तयार झाले.

सप्टेंबरात हैदराबादहून पैसे गुंतवणारे पाहुणे यायचे होते. आमचे साहेब शेषगिरी पडद्याकडे बघून वैतागले.

"ही तारीख आहे की गाडीचा इंजिन नंबर? साधं '९ सप्टेंबर' दिसू दे की."

"दिसताना तसं दिसेल, सर. साठवलेली तारीख मात्र तारीखच राहू दे."

"दोन दोन भानगडी कशाला? साठवतानाच मजकूर करून टाक. जुने आकडे काढ आणि एक तारखेपासून स्वच्छ सुरू कर."

"मजकूर केला की यंत्राला दहा म्हणजे दहा कळत नाही, सर. ते पहिलं अक्षर बघतं. एक लहान, नऊ मोठा. दहा तारीख नऊच्या आधी लागेल आणि ताजा आकडा म्हणून नऊचाच दिसत राहील."

"पाहुणे आठ तारखेला येतायत. दहाचं रडगाणं आज कशाला? ते गेले की बदल. आणि गिऱ्हाइकांपाशी याचा चकार शब्द नको."

पाहुणे आले, पुलसा माशाचं कालवण चापून खाल्लं, पडद्यावरच्या सुबक तारखांची वाहवा करून गेले. नऊला भार्गवी बदल करायला बसली, तर शेषगिरींनी तिला नव्या गिऱ्हाइकाकडे काकिनाड्याला पिटाळलं. "आल्यावर कर."

बसमध्ये तिने मामांना फोन लावायला घेतला होता. लावला नाही. हे तिनेच मला नंतर सांगितलं.

दहाच्या पहाटे मामांनी अंथरुणातूनच मोबाइल बघितला. आकडा हिरवा, भरपूर प्राणवायू. पाणी घुसळणारे जादा पंखे त्यांनी लावले नाहीत. उजाडल्यावर काठाला मेलेल्या कोळंबीचा पट्टा लागला होता आणि तळ्यावर बगळे उतरले होते.

भार्गवी काकिनाड्याहून आल्यावर शेषगिरी, ती आणि मी तिथे पोचलो तेव्हा मामा बांधावर बसले होते. शेषगिरी म्हणाले, "राजूगारू, मशीनवर किती विसंबायचं? पंखे तुम्हीच वेळेवर लावायला हवे होते."

मामांनी मान खाली घातली. भार्गवीला ते बघवलं नाही.

"नाही मामा, चूक आमची. तुम्हाला दिसला तो कालचा आकडा होता, म्हणून मोबाइलही ओरडला नाही." शेषगिरी डोळे वटारत होते, तरी तिने सगळं सांगितलं.

मामांनी शांतपणे विचारलं, "असं होणार हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग फोन का नाही केलास?"

तिची नजर शेषगिरींकडे गेली.

"हा माणूस परका, पोरी. त्याच्याकडून मी कसली अपेक्षा धरू? तू सांगितलंस म्हणून मी झोपलो."

गिऱ्हाइकासमोर कंपनीची अब्रू घालवली म्हणून त्याच आठवड्यात भार्गवीला काढलं. तिचं काम माझ्याकडे आलं. तारीख तारखेसारखी साठवायची, मजकूर फक्त दाखवताना करायचा, ती म्हणत होती तेवढंच. चहा गार व्हायच्या आत झालं. पुढच्या बैठकीत शेषगिरींनी तेच स्वतःची सुधारणा म्हणून मांडलं. आता ते हैदराबादला मोठ्या जागेवर आहेत.

संक्रांतीला मामा बहिणीकडे, भार्गवीच्या घरी, जेवायला आले नाहीत. भार्गवी स्वतः अनारशासारखे गोड अरिसे घेऊन त्यांच्या घरी गेली. मामीने दारातच डबा घेतला, आत जाऊन रिकामा करून आणला आणि तिच्या हातात ठेवला. आत बस म्हणाली नाही. मामा घरातच होते. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, तो तिला फाटकापर्यंत ऐकू येत होता.